‘कुरापत काढणे’ : तळटीप
१. कुरापत काढणे : नसलेले किंवा जुने कारण उकरून भांडणाला तोंड फोडणे. ‘चिथावणे’ वेगळे, तिथे भांडतात दुसरेच, चिथावणारा कडेला उभा. बांध कोरायचा आणि शेजारी कधी अंगावर येतो याची वाट पाहायची, ही अस्सल कुरापत. गंमत अशी की ‘मी कुरापत काढली’ असे सहसा कोणी म्हणत नाही. ती नेहमी समोरच्याची. १८०३ साली, इंग्रज-मराठा युद्धाच्या तोंडावरही तेच. शिंदे-भोसल्यांच्या फौजा निजामाच्या सरहद्दीवरून हटत नाहीत, हीच इंग्रजांच्या लेखी कुरापत. मग इंग्रज सेनापती वेलस्लीने आधी नगरची पेठ घेतली आणि १२ ऑगस्टला शिंद्यांच्या ताब्यातला भुईकोट. मूळ मजकुरात कुरापत कोणाची, हे मोघम आहे. आम्ही ते तसेच ठेवले आहे. – संपा.