पिवळी पिन आणि पिक्चर ट्यूब

बेळगाव-निपाणी पट्ट्यात टीव्ही दुरुस्तीचं एखादं जुनं दुकान अजून चालू असेल, तर त्याच्या माळ्यावर साडेपाच इंची काळा-पांढरा टीव्ही बहुधा सापडेल. बारा व्होल्टवर चालणारा, पुढे रेडिओची पट्टी, मागे अँटेनाची कांडी. वीज गेली की गाडीच्या बॅटरीला जोडून मॅच बघायची ती याच्यावर. आता त्याला पकडण्यासारखं हवेत टीव्हीचं फारसं काही उरलेलं नाही. प्रसार भारतीने मार्च २०२२ पर्यंत मोजकी सोडून सगळी अॅनालॉग प्रक्षेपण केंद्रं बंद करायचं ठरवलं. पण काच, तिच्यामागची किरण सोडणारी गन आणि मानेवरचं, तो किरण वळवणारं कॉईलचं योक शाबूत असतं. अशा ट्यूबला रास्पबेरी पाय हा इवला संगणक-बोर्ड जोडून छोटा संगणक करणारे हौशी आज जगभर आहेत. बघणाऱ्याला वाटतं, भंगाराला काहीतरी काम लावलं. मला ते तसं दिसत नाही. संगणकाचा पडदा मुळात याच घराण्यातला आहे.

स्ट्रासबर्गला १८९७ मध्ये फर्डिनांड ब्राउन यांनी ही नळी बनवली, ती विजेच्या लहरी डोळ्यांना दिसाव्यात म्हणून. करमणुकीचा विचारही तेव्हा नव्हता. टीव्ही तिच्या वंशात पुढे जन्मला. मुंबईत तर संगणकाने टीव्हीच्याही आधी तिला जवळ केलं. तिथल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांधलेला टिफ्रॅक १९६० मध्ये कामाला लागला. सुमारे २,७०० व्हॉल्व्हच्या त्या यंत्राला आलेख आणि अक्षरं दाखवणारा कॅथोड-रे ट्यूबचा पडदा होता. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. मुंबईकरांच्या घरात ट्यूबवर बातम्या दिसण्याच्या कितीतरी आधी त्याच शहरात ट्यूबवर संगणकाची अक्षरं उमटत होती.

घरगुती संगणकाने मात्र टीव्हीचाच आसरा घेतला. अमेरिकेतल्या ‘रेडिओ-इलेक्ट्रॉनिक्स’ मासिकाच्या सप्टेंबर १९७३ च्या अंकात डॉन लँकेस्टर यांनी ‘टीव्ही टाइपरायटर’ मांडला: बटणं दाबा, अक्षरं घरच्या टीव्हीवर. तीन वर्षांनी आलेला पहिला अॅपल एका ओळीत ४० अक्षरं दाखवायचा, ओळी २४. १९८२ चा सिंक्लेअर स्पेक्ट्रम ३२ अक्षरांवर थांबायचा. हे आकडे टीव्हीच्या कुवतीतून आले आहेत. आपल्या पाल पद्धतीत चित्राच्या ६२५ रेघा, सेकंदाला २५ पूर्ण चित्रं, म्हणजे किरणाने सेकंदाला १५,६२५ रेघा ओढायच्या. एका रेघेला ६४ मायक्रोसेकंद, त्यातले काही परतीच्या वाटेवर जातात. उरलेल्या वेळात घरगुती टीव्हीवर चाळीसच्या फार पुढे गेलं की अक्षरं एकमेकांत मिसळतात. तोच स्पेक्ट्रम डेसिबेल्स कंपनीने परवाना घेऊन १९८६ पासून भारतात ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ या नावाने विकला. पुढच्या दशकात गल्लोगल्ली आलेले व्हिडिओ गेमही टीव्हीलाच जोडायचे. खेळणाऱ्या पोरांना कुणी सांगितलं नाही, पण तो संगणकच होता.

ही सोयरीक मोडली १९८७ मध्ये. आयबीएमच्या व्हीजीए पद्धतीत रेघांचा वेग सेकंदाला साडेएकतीस हजारांच्या आसपास गेला. साध्या टीव्हीला तो झेपणारच नव्हता. मॉनिटर वेगळा झाला, टीव्ही वेगळा. ते तुटलेलं नातं २०१२ मध्ये रास्पबेरी पायने जुळवलं. त्या इवल्या बोर्डावर टीव्हीसाठी पिवळ्या पिनेची जागा ठेवलेली होती. २०१४ पासून तीच हेडफोनसारख्या खाचेत गेली, आणि तिथे पुष्कळांची फसगत होते: दुकानातल्या बऱ्याच एव्ही वायरींत व्हिडिओ आणि अर्थ यांच्या जागा उलट असतात. पडदा कोरा राहतो आणि ट्यूबवर उगाच आळ येतो. मशीन मुळात अमेरिकी पद्धतीवर लावलेलं येतं, त्यामुळे चित्र पडद्यावर वर-खाली धावू शकतं. सेटिंगच्या फायलीत पाल निवडावं, आणि काळ्या-पांढऱ्या पडद्यासाठी रंगाचा संकेतही बंद करावा. अक्षरांच्या कडांवर सरकणारे ठिपके मग जातात.

आपल्या भागात याहून सोपा माल आहे, आणि त्याकडे कुणी बघत नाही. नव्वदच्या दशकात लग्नाच्या शूटिंगसाठी फोटो स्टुडिओंनी खांद्यावरचे व्हीएचएस कॅमेरे घेतले. त्यांच्या व्ह्यूफाइंडरमध्ये अंगठ्याएवढी काळी-पांढरी पिक्चर ट्यूब असते, योकसकट, बोर्डासकट. कॅमेऱ्याकडून तिला मुख्यतः तीन वायरी लागतात: वीज, अर्थ, व्हिडिओ. वीज मॉडेलप्रमाणे पाच ते नऊ व्होल्टच्या आसपास. वीज दिली की आधी नुसता करडा चौकोन उजळतो. मग व्हिडिओची वायर टेकवली की त्यात अक्षरं येतात. काही कॅमेऱ्यांत ट्यूब आणि डोळा यांच्यामध्ये आरसा असतो. आरसा काढला की अक्षरं उलटी दिसतात. अशा वेळी योकच्या आडव्या कॉईलच्या दोन वायरी अदलाबदल करून सोल्डर मारायच्या, अक्षरं सुलटी होतात.

इंग्रजी अक्षर आठ बाय आठ ठिपक्यांत बसतं. देवनागरीला ते पुरत नाही. शिरोरेघेच्या वर वेलांटी आणि रफार, खाली उकार, मधे ‘ष्ट्र’सारखं जोडाक्षर. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये मोहन तांबे यांनी वाढवलेलं जिस्ट तंत्र याच अडचणीशी झुंजलं. छोट्या ट्यूबवर मराठी वाचायची तर पडद्यावर दहा-बारा ओळींपेक्षा जास्तीचा हव्यास धरू नये. तेवढ्यात घड्याळ, पावसाची नोंद, गुऱ्हाळाच्या काहिलीचं तापमान असं कामाचं पुष्कळ मावतं.

मोठ्या टीव्हीला मात्र नवख्याने हात लावू नये, हे मी कळकळीने सांगतो. चौदा इंची काळ्या-पांढऱ्या ट्यूबवर दहा हजार व्होल्टच्या पुढचा दाब असतो, रंगीत असेल तर वीस हजारांच्या वर, आणि स्विच बंद केल्यावरही तो टिकून राहतो. पुष्कळ जुन्या सेटांची चासीच थेट मेनशी जोडलेली असते. तिला संगणकाची वायर लावली तर यंत्र जळतं आणि माणूसही जाऊ शकतो. बारा व्होल्टचा पोर्टेबल बॅटरीवर चालवला की मेनचा हा धोका उरत नाही, म्हणून सुरुवात त्याच्यापासून करावी. आतला उच्च दाब त्यालाही असतोच. तिथे हात घालायचा तो जाणत्या मेकॅनिकच्या देखत.

भंगारात सगळ्यात आधी योक जातं, कारण त्यात तांबं असतं. किलोच्या भावाने त्याचे चार पैसे येतात आणि ट्यूब कायमची निकामी होते, कारण दुसऱ्या ट्यूबचं योक सहसा नीट जुळत नाही. मानेची काच तर एवढी नाजूक की पोत्यात टाकतानाच तुटते. तेव्हा माळा साफ करायला काढलात, तर सेट फोडू नका. योक, बोर्ड आणि ट्यूब एकत्र, वायरी न कापता, कुणा शिकणाऱ्या मुलाच्या हातात द्या. बेळगावात इंजिनिअरिंगची मुलं थोडी नाहीत. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये सायकलींचं दुकान याच गावात काढलं होतं. जुनं यंत्र उघडून बघणाऱ्याला इथे अजूनही कुणी वेड्यात काढत नाही.