घुमट आणि शब्द

काही वर्षांपूर्वी रविवारची मिस्सा आटोपल्यावर शेवटच्या बाकावर बसणाऱ्या एका वृद्ध माउलीने मला थांबवले. ‘‘फादर, आवाज फार मोठा येतो, पण तुम्ही काय सांगता ते काही कळत नाही,’’ ती म्हणाली. आमच्या मंदिरात नवे, अधिक शक्तीचे स्पीकर बसवून तेव्हा थोडेच दिवस झाले होते. धर्मग्रामस्थांच्या कष्टाचा पैसा त्यात खर्ची पडला होता. आवाज वाढला आणि शब्द हरवला! दोष यंत्रांचा नव्हता. ती निवडताना आणि टांगताना आम्ही वास्तूचा स्वभावच लक्षात घेतला नव्हता. हा स्वभाव माणसाला कसा उमगत गेला, याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

दगडी भिंती, फरसबंद जमीन आणि उंच छत यांवर आदळून ध्वनी पुन्हा पुन्हा परततो. यालाच आपण निनाद म्हणतो. संथ गायनाला तो भरदार करतो; बोलण्याला मात्र मारक ठरतो, कारण एक अक्षर विरण्यापूर्वीच दुसरे त्यावर येऊन पडते. उपदेशपीठाच्या डोक्यावर लाकडी छत्र उभारणाऱ्या जुन्या कारागिरांना हे अनुभवाने ठाऊक होते. वर जाणारा आवाज त्यांनी खाली, श्रोत्यांकडे वळवला.

व्हेनिस येथील संत मार्कच्या पाच घुमटांच्या महामंदिरात संगीतकारांनी तर या निनादाशी मैत्रीच केली. १५२७ साली आद्रियान विलार्ट तेथे संगीतप्रमुख झाला. विभागलेल्या गायकवृंदांनी आळीपाळीने गाण्याची पद्धत त्याच्या काळात तेथे रुजली. पुढे जोव्हान्नी गाब्रिएली याने गायकांच्या व वादकांच्या अनेक गटांसाठी रचना केल्या. त्यांचा मोठा संग्रह १५९७ साली प्रसिद्ध झाला. श्रोत्याला चहूबाजूंनी स्वरांनी वेढण्याची जी कल्पना आज घरोघरच्या ‘सराऊंड’ यंत्रणेत दिसते, तिचे हे पूर्वरूपच म्हणावे लागेल.

परंतु निनाद मोजायचा कसा? १८९५ साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात वॉलेस सॅबाइन या तरुण प्राध्यापकावर एका निकामी व्याख्यानगृहाची दुरुस्ती सोपवण्यात आली. तेथे उच्चारलेला शब्द सुमारे साडेपाच सेकंद घुमत राही. सॅबाइनने दुसऱ्या सभागृहातील बैठकींच्या गाद्या रात्री आणून, त्यांची संख्या बदलत मोजमापे घेतली. त्यातून नियम हाती आला: जागेचे घनफळ जितके मोठे तितका निनाद दीर्घ, ध्वनी शोषणारे पृष्ठभाग जितके अधिक तितका तो अल्प. या नियमात आवाजाच्या शक्तीला स्थानच नाही. स्पीकर मोठा केला की शब्दाबरोबर निनादही तितकाच मोठा होतो. आमची चूक नेमकी हीच होती.

दुसरे कोडे अंतराचे. ध्वनी एका सेकंदात सुमारे ३४० मीटर चालतो. म्हणजे वेदीपासून ३४ मीटरवर धर्मगुरूचा स्वर सेकंदाच्या दहाव्या भागाने उशिरा पोहोचतो. पण तारेतून आलेला तोच स्वर तेथील स्पीकर आधीच बोलून मोकळा होतो. श्रोत्याच्या कानी शब्द दोनदा पडतो. जर्मनीतील ग्योटिंगेन येथे हेल्मुट हास याने १९४९ साली आपल्या प्रबंधात दाखवले की, दोन सारखे ध्वनी काही सहस्रांश सेकंदांच्या अंतराने आले, तर कान त्यांना एकच मानतो आणि पहिला जिकडून आला तिकडेच उगम समजतो. मागून आलेला ध्वनी तीव्रतेने दहापट असला, तरी बहुधा हेच घडते.

या ज्ञानाची कसोटी लंडनच्या संत पॉल कॅथेड्रलमध्ये लागली. अँग्लिकन पंथाच्या या भव्य मंदिरात, ते रिकामे असता, निनाद दहा सेकंदांहूनही अधिक टिकतो. पार्किन आणि टेलर या तंत्रज्ञांनी तेथे केलेल्या योजनेचा वृत्तांत १९५२ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी लहान स्पीकर एकाखाली एक रचून उंच स्तंभ केले. अशा स्तंभाचा ध्वनी वर घुमटाकडे फारसा न जाता समोर, बसलेल्या माणसांवर पडतो. आणि माणसे व त्यांची वस्त्रे ध्वनी शोषून घेतात. दूरच्या स्पीकरना स्वर मुद्दाम विलंबाने पुरवला. त्यामुळे दूर बसलेल्यालाही शब्द उपदेशपीठावरूनच आल्यासारखा वाटे.

येथे मला एक भेद जाणवतो. स्वरांनी चहूबाजूंनी वेढले जाणे संगीताला शोभते. शब्दाला मात्र एक मुख हवे असते. समोर उभा असलेला माणूस आपल्याशी बोलतो आहे, ही जाणीव हरवली तर प्रवचनाची निव्वळ घोषणा होते. १९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेत लोकभाषेला वाट करून दिली. आपल्या मायबोलीत आलेला तो शब्द छताशीच घुटमळला, तर त्या वरदानाचा उपयोग काय?

आम्ही पुढे मोठे स्पीकर उतरवले. बाजूच्या भिंतींवर, कमी उंचीवर, लहान स्तंभ लावले. त्यांचे तोंड बाकांकडे वळवले, आवाज बेताचा ठेवला आणि मागच्यांना विलंब दिला. मंदिर भरलेले असताना मी स्वतः शेवटच्या बाकावर बसून वाचन ऐकले. खरेदीपूर्वीच मी तेथे बसायला हवे होते. ती माउली मला त्याआधी भेटली असती, तर धर्मग्रामाचा पैसाही वाचला असता.