नाताळचं ताट

मागच्या डिसेंबरातली गोष्ट. माझा धाकटा शाळेतून आला तो सोंग घेऊनच. डोक्यावर लाल टोपी आणि हनुवटीला कापसाची दाढी. सासूबाई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "हे काय रे बाळा?" तो म्हणाला, "आजी, नाताळ आहे!" सासूबाईंनी माझ्याकडं बघितलं. म्हणाल्या, "हा आपला सण हाय का? हा तर साहेबाचा सण."

त्याच संध्याकाळी आमच्या गल्लीतल्या एक नर्सताई डबा घेऊन आल्या. त्या इथं विष्णुपुरीला दवाखान्यात नोकरीला आहेत. माहेर जालन्याकडचं, बोलणं तुमच्या-माझ्यासारखं, आणि घर तीन-चार पिढ्यांपासून ख्रिस्ती. सासूबाईंनी डबा उघडला. आत करंज्या, शंकरपाळे आणि केकचे दोन तुकडे. एक करंजी हातात घेऊन त्या बघतच राहिल्या. "अगं, ह्या तर आपल्याच करंज्या!"

दुपारी "साहेबाचा सण" आणि संध्याकाळी "आपल्याच करंज्या". या दोन वाक्यांच्या मध्ये चारशे वर्षांचा इतिहास आहे. आज तोच सांगते.

आधी सणाची मूळ गोष्ट, कारण ती बाईची गोष्ट आहे. मरिया नावाची एक गरीब बाई, पोटुशी, दिवस भरत आलेले. सरकारनं शिरगणती काढली, म्हणून नवऱ्यासोबत लांबच्या गावाला निघाली. बेथलेहेम गावात पोचेपर्यंत धर्मशाळा भरून गेली होती. कुणी जागा दिली नाही. तिथं ती बाळंत झाली आणि बाळाला निजवायला मिळाली ती जनावरांची गव्हाण. ते बाळ म्हणजे येशू. हे सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "आपल्या ऊसतोडीच्या बायकांसारखंच की." खरं आहे. डिसेंबर म्हणजे ऐन हंगाम. आपल्या भागातल्या किती बायका फडाशेजारच्या कोपीत बाळंत होतात, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता ही गोष्ट मराठीत कधी आली? इंग्रजांच्या राज्याच्या कितीतरी आधी. फादर थॉमस स्टीफन्स नावाचे एक धर्मगुरू १५७९ साली गोव्यात आले. जन्मानं इंग्रज, पण आयुष्याची चाळीस वर्षं त्यांनी इथंच काढली. ते मराठी आणि कोकणी शिकले. नव्यानं ख्रिस्ती झालेल्या लोकांची जुनी पुराणं सुटली होती, त्यांना ऐकायला पुराण हवं होतं. म्हणून स्टीफन्स यांनी 'ख्रिस्तपुराण' लिहिलं. ते १६१६ साली छापलं गेलं. त्यात सुमारे अकरा हजार ओव्या आहेत. हो, ओव्याच! ज्ञानोबा-एकनाथांचा तोच छंद. म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्या आधीच गव्हाणीतल्या बाळाची गोष्ट मराठी ओवीत आली होती.

पण त्या काळाची दुसरी बाजूही सांगायला हवी. गोव्यात राज्य पोर्तुगीजांचं होतं. देवळं पाडली गेली, लोकांवर धर्म बदलायची जबरदस्ती झाली. कितीतरी कुटुंबं दुभंगली. कुणी आपला देव घेऊन नदीपलीकडं गेले, कुणी जमिनीपायी मागं राहिले आणि ख्रिस्ती झाले. पुढं १७३६ साली तिथल्या धर्मन्यायालयानं फर्मान काढलं. ख्रिस्ती झालेल्यांनी लग्नात जुनी गाणी गायची नाहीत, अंगणात तुळस ठेवायची नाही, जुने रीतिरिवाज पाळायचे नाहीत. मैत्रिणींनो, ही सगळी बंदी कुणाच्या कामांवर आली? गाणी, तुळस, लग्नाचे विधी, सगळं बायकांच्या हातातलं. सासूबाईंसारख्या जुन्या माणसांच्या मनात या सणाबद्दल अढी असते, तिच्यामागं असाही इतिहास आहे. तो लपवून चालत नाही.

पण फर्मानाला सगळं पुसता येत नाही. 'नाताळ' हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आला, त्याचा अर्थच जन्म. ताटातलं मात्र बरंचसं आपलंच राहिलं. गोव्यात नाताळच्या फराळाला कुसवार म्हणतात. त्यात नेवऱ्या असतात, म्हणजे आपल्या करंज्या. गूळ, नारळाचा रस आणि तांदळाचं पीठ आटवून केलेला दोदोल असतो. कणकेचे छोटे वळलेले, तळलेले कलकल असतात. ते वळायला घरातल्या सगळ्या बायका आणि पोरं एकत्र बसतात. आणि हे ताट हिंदू शेजाऱ्यांकडं जातं. चतुर्थीला, दिवाळीला तिकडून फराळ येतो, नाताळला इकडून जातो.

आपल्या महाराष्ट्रात वसईलाही तसंच. १५३४ पासून तिथं पोर्तुगीज होते. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई जिंकली. पोर्तुगीज गेले, पण ख्रिस्ती झालेले शेतकरी, बागायतदार आपापल्या वाडीतच राहिले, कारण ते मूळचे तिथलेच. आजही त्यांच्या घरात मराठीच्या बोली बोलल्या जातात. नाताळला तिथली मुलं गवत, माती, बांबू जमवून गोठा तयार करतात. गोव्यात त्या गोठ्यासाठी काही दिवस आधी नाचणी पेरून हिरवे कोंब उगवतात. आपण घटस्थापनेला धान पेरतो ना, तसेच. असा गोठा मांडायची कल्पना इटलीतल्या संत फ्रान्सिस यांची. १२२३ साली त्यांनी एका खेड्यात खरी गव्हाण, खरा बैल आणि गाढव उभं करून लोकांना जन्माची गोष्ट दाखवली. शिकलेल्यांसाठी पोथी होती, खेड्यातल्यांसाठी गोठा.

आता आपल्या मराठवाड्याकडं वळू. त्यासाठी आधी मुंबईतल्या एका घरात जायला हवं. १८४३ साली नारायण शेषाद्री नावाचा तरुण ब्राह्मण मुलगा ख्रिस्ती झाला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत त्याच्यामागोमाग मिशनात गेला. वडील कोर्टात गेले. श्रीपत वयानं लहान, म्हणून कोर्टानं त्याला वडिलांच्या ताब्यात दिलं. पण मूल घरी आलं तरी जातीनं दार लावून घेतलं. मिशनऱ्यांच्या घरी जेवला, आता हा बाटला, असं सनातनी म्हणू लागले. त्या वेळी 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर श्रीपतच्या बाजूनं उभे राहिले. प्रायश्चित्त देऊन मुलाला परत घ्या, असं त्यांनी ठणकावलं. त्यासाठी त्यांनी समाजाचा राग ओढवून घेतला. एका लेकराला घरात घ्यायचं की नाही, हा त्या काळी एवढा मोठा वाद होता.

थोरला भाऊ नारायण पुढं धर्मगुरू झाला आणि आपल्या जालन्याला आला. तेव्हा मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानाच्या सरकारकडून जमीन मिळवून त्यानं जालन्याजवळ बेथेल नावाचं गाव वसवलं. तिथं आले ते बहुतेक मांग आणि महार समाजातले लोक. गावकुसाबाहेर राहणाऱ्या, पाण्यासाठी वरून ओंजळीत धार पडायची वाट बघणाऱ्या माणसांना तिथं स्वतःचं गाव मिळालं. मराठवाड्यातली पुष्कळ ख्रिस्ती घरं अशा वाटेनं आली आहेत. त्यांच्यासाठी हा साहेबाचा सण नव्हता. गव्हाणीत जन्मलेला देव गावकुसाबाहेरच्या माणसाला लवकर कळतो.

आता एका बाईची गोष्ट सांगते. लक्ष्मीबाई टिळक. नाशिकजवळच्या जलालपूरला १८६८ साली जन्मलेल्या, सोवळ्याओवळ्याच्या घरात वाढलेल्या. नवरा म्हणजे कवी नारायण वामन टिळक. १८९५ साली टिळक मुंबईत ख्रिस्ती झाले. बायकोला विचारलं नव्हतं. लक्ष्मीबाईंच्या पदरात लहानगा दत्तू. नवरा जिवंत, पण त्याच्या हातचं पाणी चालत नाही. जवळजवळ पाच वर्षं त्या नातेवाइकांच्या आधारानं राहिल्या. पुढं नवऱ्याजवळ आल्या, तरी आपलं सोवळं आणि आपलं पाणी त्यांनी वेगळंच ठेवलं. लेकरू मधे, आई एका बाजूला, बाप दुसऱ्या बाजूला.

मग हळूहळू त्यांनाच प्रश्न पडू लागले. देवानं माणसं केली, मग जाती कुणी केल्या? कुणी भाषण देऊन त्यांना पटवलं नाही, त्यांनी स्वतःच्या मनाशी भांडून ते सोडवलं. त्यांची आधी शिवाशिव गेली, धर्म नंतर बदलला. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्याच सुमारास मोठा दुष्काळ होता आणि पाठोपाठ प्लेग. जातपात न विचारता लक्ष्मीबाईंनी दुसऱ्यांची पोरं सांभाळली, आजाऱ्यांची सेवा केली. नवऱ्यानं शिकवली तेवढ्याच अक्षरओळखीवर या बाईनं पुढं 'स्मृतिचित्रे' लिहिलं. मराठीतल्या उत्तम पुस्तकांत त्याचं नाव घेतात. १९१९ साली टिळक वारले तेव्हा त्यांचं 'ख्रिस्तायन' हे काव्य अपुरं होतं. तेही लक्ष्मीबाईंनी पुढं नेलं.

टिळकांनी ख्रिस्ती मंडळींना मराठी भजनं दिली. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडं आलो, असं ते म्हणत. म्हणून आजही मराठी चर्चमध्ये नाताळला पेटी, तबला आणि झांजा वाजतात. आणि पंडिता रमाबाई! केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी आख्खं बायबल साध्या मराठीत आणलं. कमी शिकलेल्या बाईलाही कळावं, हा त्यांचा हट्ट. ते छापलं तिथल्याच बायकांनी. खिळे जुळवणं, छपाई, सगळं त्यांच्या हातचं. रमाबाई १९२२ साली गेल्या आणि पुस्तक १९२४ साली पूर्ण छापून झालं.

पाण्याचा विषय निघाला म्हणून आणखी एक सांगते. २५ डिसेंबर १९२७ या दिवशी महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या सत्याग्रह परिषदेत मनुस्मृतीचं दहन झालं. त्याच वर्षी मार्चमध्ये चवदार तळ्याचं पाणी प्यायलं होतं. आपल्यातल्या कितीतरी महिला गट २५ डिसेंबर हा स्त्रीमुक्ती दिन म्हणून पाळतात. एकाच तारखेला या दोन आठवणी येतात. लेकरांना दोन्ही सांगाव्यात.

आता त्या लाल टोपीचं काय? तो सांताक्लॉज म्हणजे मुळात संत निकोलस, आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा गावचा चौथ्या शतकातला धर्मगुरू. त्याची एक दंतकथा आहे. एका गरीब बापाला तीन मुली होत्या. हुंड्याला पैसे नाहीत म्हणून मुलींचं वाटोळं व्हायची वेळ आली. निकोलसनं रात्री गुपचूप खिडकीतून सोन्याच्या थैल्या टाकल्या. दिलेलं दान कुणाला कळू दिलं नाही. टोपी, दाढी आणि बाजारातली महाग खेळणी खूप नंतर चिकटली. तेव्हा शाळेनं टोपी आणायला सांगितली, तर जुन्या लाल कापडाची शिवा. बचत गटाचे पैसे त्यात घालायची गरज नाही. पण लेकराला गोष्ट मात्र नक्की सांगा, कारण टोपी जानेवारीत हरवते आणि गोष्ट राहते.

आणि आपल्या गावात, गल्लीत ख्रिस्ती घर असेल तर पोरांना घेऊन एकदा जा. त्यांच्याकडंही लेकी माहेरी आलेल्या असतात. आत्या, मावशी, चुलत भावंडं जमलेली असतात. कुणीतरी करंज्यांचं सारण चाखत असतं, कुणीतरी ओरडत असतं. घर भरलेलं असलं की कुठल्याही धर्माचं घर सारखंच दिसतं. आपला देव बदलायला कुणी सांगत नाही. जायचं, बसायचं, त्यांचं ऐकायचं, आपलं सांगायचं.

नर्सताईंच्या डब्याचं काय झालं ते राहिलंच. रात्री मी तो घासून पालथा घातला. सकाळी बघते तर सासूबाईंनी त्यात शेंगदाण्याचे लाडू भरून ठेवलेले. मी काही बोलले नाही. त्याच म्हणाल्या, "रिकामा डबा परत देऊ नये. आणि तिला म्हणावं, पुढच्या वर्षी करंज्या करताना मला बोलव. तिचं सारण जरा कोरडं झालं होतं."