मुक्त-स्रोत चर्चामंच आज्ञावली

मुक्त-स्रोत चर्चामंच आज्ञावली म्हणजे सदस्यांना लेखन करता येईल व त्यावर प्रतिसाद देता येतील असे संकेतस्थळ उभारण्यासाठी वापरली जाणारी, मूळ संहिता सर्वांस खुली असलेली आज्ञावली होय. संचालक ती स्वतःच्या किंवा भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर बसवतो. त्यामुळे धागे, प्रतिसाद, सदस्यनामे आणि पानांचे पत्ते त्याच्याच ताब्यात राहतात. पीएचपीबीबी, डिस्कोर्स व फ्लॅरम ही या प्रकारातील परिचित नावे आहेत. ड्रुपल ही खरे तर आशय-व्यवस्थापन प्रणाली आहे. परंतु तिचा उगम संदेशफलकातूनच झाला आणि मराठी चर्चामंचांच्या संदर्भात तिचेच स्थान सर्वांत मोठे आहे.

मराठी संकेतस्थळांवरील वापर

मायबोली हे संकेतस्थळ १९९६ साली सुरू झाले व पुढे ड्रुपलवर आले. मनोगत (२००४), मिसळपाव (२००७) आणि ऐसी अक्षरे (२०११) ही संकेतस्थळेही ड्रुपलवर उभी राहिली. ड्रुपलची मूळ संहिता द्रीस बायटार्ट यांनी जानेवारी २००१ मध्ये खुली केली होती. परवाना-शुल्क नसणे आणि पीएचपी व मायएसक्यूएल असलेल्या साध्या सर्व्हरवर चालणे, हे गुण हौशी संचालकांना सोयीचे होते.

परक्या सेवेवर अवलंबून असलेल्या समूहांची स्थिती वेगळी होती. याहू ग्रुप्सवरील जुने लेखन २०१९-२० मध्ये काढून टाकण्यात आले आणि १५ डिसेंबर २०२० रोजी ती सेवाच बंद झाली. ऑर्कुट त्याआधीच, ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले होते.

देवनागरीचा प्रश्न

यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट व्यापते. मायएसक्यूएलच्या ८.० पूर्वीच्या आवृत्त्यांत मात्र 'लॅटिन-१' ही संकेतनपद्धती गृहीत धरलेली असे. सर्व्हर बदलताना संकेतनपद्धतीची नोंद चुकली, तर मराठी मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हे किंवा अनाकलनीय अक्षरे दिसतात. प्रश्नचिन्हे डेटाबेसमध्येच साठवली गेली असतील, तर जुन्या प्रतीशिवाय मूळ मजकूर परत मिळत नाही. म्हणून स्थलांतरापूर्वी प्रत काढणे पुरेसे नसते. ती प्रत दुसरीकडे उघडून वाचून पाहावी लागते.

देखभाल

आज्ञावली विनामूल्य असली तरी देखभाल तशी नसते. ऑक्टोबर २०१४ मध्ये ड्रुपल ७ मध्ये गंभीर सुरक्षा-त्रुटी आढळली. दुरुस्ती प्रसिद्ध झाल्यापासून सात तासांत ती न बसवलेली संकेतस्थळे हल्लेखोरांच्या हाती गेली आहेत असेच समजावे, असा इशारा प्रकल्पाच्या सुरक्षा-गटाने नंतर दिला. नोकरी सांभाळून संकेतस्थळ चालवणाऱ्या संचालकाला हे वेळापत्रक पाळणे जवळजवळ अशक्यच. ड्रुपल ७ चा अधिकृत आधार ५ जानेवारी २०२५ रोजी संपला, तर ड्रुपल ११ च्या गाभ्यातून चर्चामंचाचा घटक वगळण्यात आला. तो आता वेगळा बसवावा लागतो.

२०१३ मध्ये जाहीर झालेले डिस्कोर्स डॉकरच्या साहाय्याने बसवले जाते. त्याला किमान १ जीबी स्मृती लागते. नोंदणीची खात्री ईमेलद्वारे होत असल्याने ईमेल पाठवण्याची विश्वासार्ह सोयही आवश्यक असते. नवख्या संचालकांचे काम बहुधा याच टप्प्यावर अडते.