आनंद पटवर्धन : एका अनुबोधपटकाराची पहिली दहा वर्षे

मुख्य चित्रपटापूर्वी टॉकीजमध्ये एक सरकारी फिल्म दाखवीत असत. १९४८ साली निघालेल्या फिल्म्स डिव्हिजनने काढलेली ती धरणांची, पिकांची, कुटुंबनियोजनाची फिल्म चालू असेतोवर आपल्यापैकी पुष्कळजण बाहेर विडी ओढीत असत. तिलाच अनुबोधपट म्हणतात, हे मला फार उशिरा कळले. मी सातवीनंतर शाळा पाहिलेला माणूस नव्हे.

सरकारच्या पैशावाचून, सरकारला न आवडणारा अनुबोधपट काढता येतो, हे ज्यांनी दाखविले त्यांत आनंद पटवर्धन हे नाव मोठे. जन्म मुंबईचा, १९५० चा. स्वातंत्र्यलढ्यातले रावसाहेब व अच्युतराव पटवर्धन हे त्यांचे काका. पोरगा शिकावयास अमेरिकेत गेला तो व्हिएतनाम युद्धाविरुद्धच्या चळवळीत पडला, आणि सेझार चावेझ यांच्या शेतमजूर युनियनमध्ये स्वयंसेवक झाला. आम्हां युनियनवाल्यांना ही गोष्ट पदवीपेक्षा मोठी वाटते. परतल्यावर मध्य प्रदेशातील 'किशोर भारती' या ग्रामशिक्षणाच्या संस्थेत काही काळ काम केले, आणि १९७४ साली हा तरुण बिहारमध्ये जयप्रकाशजींच्या आंदोलनात जाऊन पोहोचला.

साधन काय, तर हौशी लोक घरातले लग्नसमारंभ टिपतात तो सुपर एट कॅमेरा. ते चित्रण पडद्यावर पाडून, त्या पडद्याचे पुन्हा मोठ्या फिल्मवर चित्रण करून 'क्रांती की तरंगें' तयार झाला. इतक्यात जून १९७५ मध्ये आणीबाणी आली. मग पट लपूनछपून दाखविणे आले, आणि त्याचे तुकडे करून ते परदेशी पाठविणे आले. आणीबाणी उठल्यावर १९७८ साली राजबंद्यांवरचा 'जमीर के बंदी' निघाला. पुढे कॅनडात शिकत असता तेथील फळबागांत राबणाऱ्या पंजाबी व चिनी मजुरांवर त्यांनी एका सहकाऱ्यासह पट काढला. मुकादमाच्या हाताखाली, टोपलीवर मजुरी, आणि राहावयास गुरांचा गोठा. देश बदलला म्हणून मुकादम बदलत नाही! १९८० साली त्या मजुरांची युनियन झाली, पट १९८१ साली पुरा झाला.

परंतु मला बोलावयाचे आहे ते 'हमारा शहर'विषयी. १९८१ च्या पावसाळ्यात मुंबईच्या फुटपाथवरील लोकांना हुसकण्याचे सरकारने ठरविले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९८५ साली निकाल झाला की उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्कातच येतो, मात्र रीतसर नोटीस देऊन झोपड्या हलविता येतील. त्याच काळातला हा पट. राष्ट्रीय पुरस्कार मिळूनही दूरदर्शनने तो दाखविला नाही. त्यासाठी चार वर्षे कोर्टात झगडावे लागले.

माझ्या पंचविशीत आम्ही परभणीच्या मोंढ्यात हमालांच्या सभेनंतर भाड्याच्या टीव्हीवर हा पट लावला होता. त्यात उघड्यावर आलेली एक बाई कॅमेऱ्यावरच उलटते. तुम्ही गरिबांचे फोटो काढून नाव मिळविणार, आम्हांला काय, असा तिचा सवाल आहे. गलबला थांबला. एक म्हातारे हमाल म्हणाले, "बाई खरंच बोलली. पन त्यानं ते कापलं कामून न्हाई?"

त्या रात्री मला उत्तर सुचले नाही. कापणे तर कात्रीच्या एका हालचालीचे काम होते. आम्ही सभेचे अहवाल लिहितो, त्यांत किती हजर होते, कोण बोलले, काय ठराव झाले हे सारे असते. कामगाराने आम्हांला ऐकविलेल्या शिव्या मात्र नसतात. मीदेखील त्या कधी घातलेल्या नाहीत.

त्याच पटात शाहीर विलास घोगरे गातात. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात १० माणसे मेली, आणि चार दिवसांनी घोगरे यांनी आपली जीवनयात्रा संपविली. तेव्हा पटवर्धन तरुण राहिले नव्हते, सत्तेचाळीस वर्षांचे होते. ते कॅमेरा घेऊन निघाले. ते काम १४ वर्षे चालले आणि २०११ साली 'जय भीम कॉम्रेड' पुरा झाला. मुंबईच्या चाळींतून, वस्त्यांतून उघड्यावर पडदे लावून तो दाखविला गेला.