भिंतीचे भाडे : मुंबईतील चित्रप्रदर्शनांची वाटचाल

मुंबईत चित्रे भिंतीवर टांगून ती अनोळखी माणसांना पाहू देण्याची रीत दीडशे वर्षांच्या आसपासची आहे. त्याआधी चित्रे नव्हती असे नाही. वाड्यांच्या भिंती रंगवल्या जात, देवळांत चित्रे असत, चित्रकथी पोथ्या उलगडत गावोगाव फिरत. पण कुणीही यावे, पाहावे, आवडले तर विकत घ्यावे, हा प्रकार इंग्रजी अमलाबरोबर आला. तोही चित्रांच्या वाटेने आला नाही, मालाच्या नमुन्यांच्या वाटेने आला. १८५१ साली लंडनला भरलेल्या प्रदर्शनानंतर देशोदेशी औद्योगिक प्रदर्शनांची लाट उसळली. १८५५ च्या पॅरिसच्या प्रदर्शनासाठी मुंबई इलाख्यातून वस्तू गोळा झाल्या आणि त्याच खटपटीतून शहरातले पहिले सरकारी वस्तुसंग्रहालय उभे राहिले. डॉ. भाऊ दाजी लाड आणि नाना शंकरशेठ यांनी त्याच्या इमारतीसाठी वर्गणी जमवली. ती इमारत १८७२ साली राणीच्या बागेत खुली झाली. १९७५ पासून तिला भाऊ दाजींचेच नाव आहे.

याच काळात, १८५७ मध्ये, जमशेटजी जीजीभॉय यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून कलाशाळा सुरू झाली. तिचा मूळ हेतू चित्रकार घडवण्याचा नव्हता. देशी कारागिरांचा हात सुधारावा, एवढीच अपेक्षा होती. शाळेतून मात्र तैलरंगात व्यक्तिचित्रे रंगवणारी, छायाप्रकाश समजणारी मुले बाहेर पडू लागली. त्यांना जुन्या पद्धतीचा राजाश्रय सहज मिळणार नव्हता आणि नवे गिऱ्हाईक अजून तयार व्हायचे होते. त्यांचे काम लोकांच्या नजरेस पडायला एखादी जागा हवी होती.

ती जागा बॉम्बे आर्ट सोसायटीने दिली. ही संस्था १८८८ साली स्थापन झाली. कारभार प्रामुख्याने इंग्रज अधिकारी आणि हौशी मंडळींच्या हाती होता, त्यामुळे आरंभीच्या प्रदर्शनांवर त्यांच्या आवडीची छाप होती. पद्धत साधी होती. चित्रकाराने काम पाठवायचे, निवड समितीने ते घ्यायचे किंवा नाकारायचे, घेतलेल्या कामांतून पदके ठरायची. म्हणजे भिंत संस्थेची आणि निवाडाही संस्थेचा. १८९५ साली कोल्हापूरकर महादेव विश्वनाथ धुरंधर यांना सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. आपल्या कारकिर्दीची हकीकत त्यांनी पुढे ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ या पुस्तकात लिहिली. त्या काळची चित्रशाळा, परीक्षा आणि साहेबांची मर्जी हे सारे समजून घ्यायला यासारखा दुसरा मराठी ग्रंथ नाही. गणपतराव म्हात्रे यांचे ‘मंदिर पथगामिनी’ हे शिल्पही त्याच दशकातले. विद्यार्थिदशेत घडवलेल्या त्या नऊवारीतल्या मूर्तीने म्हात्र्यांचे नाव सर्वदूर झाले. पदक मिळाले की संस्थानिकांकडून व्यक्तिचित्रांची कामे येत, म्हणून त्या पदकाला सोन्यापलीकडे किंमत होती.

१९१८ मध्ये आर्ट सोसायटी ऑफ इंडिया निघाली. सावळाराम हळदणकर यांच्यासारखे चित्रकार तिच्या उभारणीत होते. भारतीय चित्रकारांनी आपली वेगळी भिंत उभी केली, पण वार्षिक प्रदर्शन, निवड समिती आणि बक्षिसे हा साचा तोच राहिला. सोसायट्यांवर चाकोरीचा ठपका नेहमी ठेवला जातो. तो बराचसा खरा आहे, पूर्ण नाही. १९३७ साली बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक अमृता शेरगिल यांच्या तीन मुलींच्या चित्राला मिळाले, तेव्हा ते चित्र कुठल्याही चाकोरीत बसत नव्हते.

दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास मुंबईत युरोपातून आलेली काही माणसे स्थिरावली. त्यांतले वॉल्टर लँगहॅमर चित्रकार होते, रूडी फॉन लायडन समीक्षक आणि इमॅन्युएल श्लेसिंगर संग्राहक. नव्या चित्रकारांना या तिघांकडून शब्द, सल्ला आणि प्रसंगी पैसाही मिळाला. १९४७ मध्ये सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे या सहा जणांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन केला. सूझा गोव्याचे, हुसेन पंढरपुरात जन्मलेले आणि सिनेमाची पोस्टरे रंगवून पोट भरलेले. आरांनी एके काळी गाड्या धुतल्या होत्या. १९४९ साली त्यांचे प्रदर्शन रॅम्पार्ट रोवरील बॉम्बे आर्ट सोसायटीच्या दालनात भरले आणि मुल्कराज आनंद यांनी त्याचे उद्घाटन केले. बंडखोरांचे प्रदर्शन प्रस्थापितांच्याच दालनात भरले, कारण शहरात भाड्याने मिळण्याजोगी दुसरी भिंत जवळजवळ नव्हती.

ही अडचण जहांगीर आर्ट गॅलरीने दूर केली. सर कावसजी जहांगीर यांनी दिवंगत मुलाच्या स्मरणार्थ पैसा दिला, प्रिन्स ऑफ वेल्स वस्तुसंग्रहालयाच्या आवारात जागा मिळाली आणि दुर्गा बाजपेयी यांच्या आराखड्यानुसार इमारत झाली. २१ जानेवारी १९५२ रोजी मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांनी तिचे उद्घाटन केले. दर्शनी भागावरची ती काँक्रीटची घडीदार छत्री त्या वेळी नवलाची होती. आजही बसमधून जाणाऱ्याला इमारत ओळखू येते ती तिच्यामुळेच. पण खरे नवल आतल्या व्यवहारात होते. आता चित्रकार स्वतः अर्ज करून, भाडे भरून, आठवडाभरासाठी भिंत आपली करू शकत होता. पाहणाऱ्याला मात्र काहीच मोजावे लागत नव्हते. आजही लागत नाही.

दालन मिळायला अर्जानंतर काही वर्षे थांबावे लागते. बेंगळुरूचा किंवा नागपूरचा चित्रकार आपला आठवडा आला की टेम्पो करून कॅनव्हास आणतो, एका दिवसात ते टांगतो, दिव्यांचे कोन जुळवतो, सायंकाळी दीपप्रज्वलन होते. दाराशी टेबल, टेबलावर कॅटलॉग आणि अभिप्रायाची वही. सकाळी अकरा ते संध्याकाळी सात तो खुर्चीवर बसून असतो. एखादे चित्र विकले गेले की त्याच्या पट्टीवर लाल टिकली चिकटते. आठवडाभरात पाच टिकल्या लागल्या तर भाडे, फ्रेमा, छपाई आणि मुक्कामाचा खर्च निघतो. एकही लागली नाही तर तोच टेम्पो परत बोलवावा लागतो. येणाऱ्यांत संग्राहक थोडे. कॉलेजची मुले, मंत्रालयात काम आटोपून आलेली माणसे, उन्हातून सावलीला शिरलेले पर्यटक, आणि गाडीला अवकाश आहे म्हणून चक्कर मारणारे चाकरमानीच अधिक.

याच दालनात १९५४ साली अकबर पदमसी यांच्या प्रदर्शनातील ‘लव्हर्स’ या चित्रांवरून खटला झाला. पोलिसांनी चित्रे उतरवायला सांगितले, पदमसींनी नकार दिला, त्यांना अटक झाली आणि न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले. चित्रात काय दाखवावे याचा निवाडा तोवर निवड समित्या करीत आल्या होत्या. भाड्याच्या भिंतीसमोर तो करायला पोलीस आले. इमारतीच्या कडेच्या चिंचोळ्या पट्टीत उषा खन्ना यांनी १९६४ मध्ये ‘समोवार’ हे उपाहारगृह सुरू केले. ते २०१५ पर्यंत चालले. पराठा आणि चहाच्या जोरावर तासन् तास बसलेल्या चित्रकारांना तिथे कुणी उठवीत नसे. मराठी, गुजराती आणि इंग्रजीत रंगलेल्या तिथल्या गप्पांची नोंद कुणी नीट ठेवायला हवी होती.

१९६३ साली चित्रांच्या बाजारात तिसरा माणूस आला. चौकटींचा धंदा करणारे केकू गांधी आणि त्यांच्या पत्नी खोर्शेद यांनी जहांगीरच्याच पहिल्या मजल्यावर गॅलरी केमोल्ड काढली. त्याच वर्षी पंडोल आर्ट गॅलरीही सुरू झाली. इथे चित्रकाराने भाडे द्यायचे नव्हते. गॅलरीवाला त्याची निवड करी, प्रदर्शन भरवी, गिऱ्हाईक आणी आणि विक्रीतला वाटा ठेवी. भिंत फुकट मिळाली, पण तिच्यापर्यंत पोहोचणे अवघड झाले. तैयब मेहता, गायतोंडे, भूपेन खक्कर यांची नावे पुढे मोठी झाली, त्यात या नव्या व्यवस्थेचा हात होता. ज्यांना गॅलरी मिळाली नाही ते जहांगीरच्या रांगेत उभे राहिले. काहींनी तर गॅलरीबाहेरच्या पदपथावर चित्रे मांडली आणि येणाऱ्याजाणाऱ्यांची रेखाटने करून दिली.

फोर्टमधल्या या साऱ्या हालचालींपासून ठाणे, कल्याण आणि डोंबिवली तशी दूर नव्हती. मुंबई-ठाणे रेल्वे १८५३ ची आणि ती कल्याणपर्यंत पोहोचली १८५४ साली. कल्याणचे शिल्पकार सदाशिव साठे हे याच मार्गाने जीजीभॉय यांच्या कलाशाळेत, म्हणजे जे. जे. मध्ये, शिकायला गेले. १९२६ साली जन्मलेल्या साठ्यांच्या घरी गणपती घडवण्याचा व्यवसाय होता. गेटवे ऑफ इंडियासमोरचा शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा त्यांचा. तो १९६१ मध्ये उभा राहिला. जहांगीर गॅलरीतून बाहेर पडून समुद्राकडे चालत गेलेल्या प्रत्येकाने तो पाहिलेला असतो. तो कल्याणकराने घडवला हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

पुतळ्यांवरून काळ्या घोड्याची गोष्ट ओघाने येते. सातव्या एडवर्डचा, तो युवराज असतानाचा, घोड्यावरचा काळा पुतळा ससून घराण्याने शहराला दिला होता. तो जहांगीरजवळच्या चौकात उभा होता. १९६५ मध्ये तो राणीच्या बागेत हलवला गेला, पण चौकाचे ‘काळा घोडा’ हे नाव काही हलले नाही. परिसरातल्या जुन्या इमारतींच्या जतनासाठी १९९८ साली काळा घोडा असोसिएशन स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी काळा घोडा कला महोत्सव सुरू झाला. जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास नऊ दिवस रॅम्पार्ट रो वाहनांना बंद होतो, रस्त्यावर मांडणीशिल्पे उभी राहतात, हस्तकलेचे स्टॉल लागतात. तिकीट नाही. २०१७ मध्ये चौकात पुन्हा घोडा आला, या वेळी स्वाराविना.

महोत्सवाने कोपर, दिवा, डोंबिवली, कल्याणच्या माणसाला हे क्षेत्र आपले वाटू दिले. कोपर हे दिवा आणि डोंबिवली यांच्यामधले छोटे स्थानक. खालून मध्य रेल्वेचा मार्ग जातो, वरच्या फलाटावरून दिवा-वसई गाड्या धावतात. रविवारी सकाळी इथून धीमी गाडी धरली की थेट छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरता येते आणि हुतात्मा चौकावरून चालत काळा घोडा गाठता येतो. तिथली गर्दी चित्र पाहायला येते की चित्रासमोर फोटो काढायला, असा उपहास जाणकार करतात. या उपहासात थोडी मालकीची भावनाही मिसळलेली असते. योगायोग असा की १९९९ मध्येच डोंबिवलीत गणेश मंदिर संस्थानाने गुढीपाडव्याची नववर्ष स्वागतयात्रा सुरू केली आणि रस्तेच्या रस्ते रांगोळ्यांनी भरू लागले. रस्त्यावरची कला उपनगरांना कुणी शिकवावी लागली नाही.

दरम्यान बाजार फुगत होता. २००० साली मुंबईतून सॅफ्रनआर्टने इंटरनेटवर लिलाव सुरू केले. २००५ मध्ये तैयब मेहतांचे ‘महिषासुर’ न्यूयॉर्कला दहा लाख डॉलरच्या पुढे गेले. डिसेंबर २०१३ मध्ये क्रिस्टीजने भारतातला आपला पहिला लिलाव ताजमहाल हॉटेलात घेतला आणि गायतोंडे यांचे एक चित्र सुमारे २३.७ कोटी रुपयांना गेले. गिरगावच्या चाळीत वाढलेल्या आणि हयातीत गर्दीपासून दूर राहिलेल्या माणसाच्या नावावर हा आकडा लागला.

एवढ्या पैशाला लिलावाखेरीज आणखी एक दुकान हवे होते. ते दुकान म्हणजे कलामेळा. जगात त्याची सुरुवात १९६७ साली जर्मनीतील कोलोन शहरात झाली. १९७० मध्ये स्वित्झर्लंडच्या बाझलला मेळा भरला आणि त्याच बाझलने २००२ साली अमेरिकेत मायामी बीचला शाखा काढली. थंडीत उबदार समुद्रकिनाऱ्यावर सुट्टीला येणारे श्रीमंत हेच तिथले गिऱ्हाईक. मेळ्यात भिंतीचे भाडे गॅलरी भरते. चौरस मीटरच्या हिशोबाने जागा घेऊन ती तात्पुरत्या प्लायच्या खोल्या उभारते. पहिला दिवस निमंत्रितांचा असतो आणि मोठी विक्री बहुधा त्यातच होऊन जाते. तिकीट काढून आलेला माणूस पुढच्या दिवसांत, सौदे होत आलेल्या भिंती पाहतो.

भारतात हा मेळा आधी दिल्लीला, २००८ साली प्रगती मैदानावर भरला. जुन्या गॅलऱ्या आणि लिलाववाले मुंबईत असूनही हे घडले. २०११ पासून इंडिया आर्ट फेस्टिव्हल हा वेगळ्या धाटणीचा मेळा मुंबईत भरू लागला. त्यात गॅलऱ्यांबरोबर स्वतंत्र चित्रकारही स्टॉल घेतात. म्हणजे जहांगीरचाच व्यवहार लहान खोलीत आला. समुद्राच्या हाकेवरच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘आर्ट मुंबई’ भरले, तेव्हा शहराला बाझलच्या वळणाचा मेळा मिळाला. पन्नासाहून अधिक गॅलऱ्या तंबूवजा दालनांत आल्या. नोव्हेंबर निवडण्यामागे व्यवहार आहे. पावसाळ्याची ओल गेलेली असते. मुंबईच्या दमट हवेत कागदावरच्या चित्रांना बुरशी धरते हे इथल्या प्रत्येक चौकटवाल्याला ठाऊक असते.

 

कोपरहून महालक्ष्मीला जायचे तर दादरला गाडी बदलून पश्चिम रेल्वे धरावी लागते. मेळ्याला तिकीट आहे, पण चार जणांच्या कुटुंबाला परवडणार नाही असे नाही. अडचण वेगळी असते. बूथवरच्या पट्टीवर किंमत नसते, ती विचारावी लागते, आणि विचारण्याचा संकोच तिकिटापेक्षा महाग पडतो. जहांगीरमध्ये चित्रकार समोर बसलेला असतो, त्याला काहीही विचारता येते. मेळ्यात त्याच्या जागी गॅलरीची माणसे असतात आणि त्यांना गिऱ्हाईक लांबून ओळखू येते.

उपनगरांतली स्वतःची सोय अजून तुटपुंजी आहे. ठाण्यात कापूरबावडीला महापालिकेचे कलाभवन आहे. डोंबिवलीच्या एमआयडीसी भागात सदाशिव साठे यांचे ‘शिल्पालय’ आहे. तिथे त्यांच्या शिल्पांचे नमुने जवळून पाहता येतात. साठे २०२१ मध्ये गेले. त्यांच्या शिल्पालयाला जायला कोपरच्या माणसाला फक्त एक स्थानक पुढे जावे लागते आणि तिथून रिक्षा धरावी लागते.