मोटार अपघात दावा न्यायाधिकरण
मोटार अपघातातील जखमींच्या व मृतांच्या वारसांच्या नुकसानभरपाईचे दावे चालवणारे भारतातील विशेष न्यायपीठ. मोटार वाहन अधिनियम, 1939 मधील 1956 च्या दुरुस्तीने याची तरतूद झाली. सध्या 1988 चा अधिनियम लागू आहे (पहा : अपकृत्य विधी). दावा अपघातस्थळी, तसेच दावेदाराच्या राहत्या ठिकाणीही दाखल होतो. कलम 164 नुसार चालकाची चूक सिद्ध न करता मृत्यूसाठी 5 लाख, गंभीर दुखापतीसाठी 2.5 लाख रुपये मिळतात; अधिक भरपाईसाठी कलम 166 (पहा : मोटार विमा). मृत्यूची भरपाई 2009 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातील गुणकाने ठरते : मृत विवाहित, वय 30, अवलंबून तिघे, भावी वाढीसह वार्षिक उत्पन्न 3 लाख असल्यास वैयक्तिक खर्चाचा एकतृतीयांश वजा जाऊन उरलेल्या 2 लाखांस 17 ने गुणतात. कमावता माणूस गमावलेल्या कुटुंबास अंदाजाऐवजी निश्चित आधार मिळतो, हे या पद्धतीचे महत्त्व.